सहासष्टवर थांबलेला आकडा

काही वर्षांपूर्वी एका सकाळी मी डिशवॉशर रिकामा केला, तुळशीला पाणी घातलं आणि डोशाचं पीठ ढवळायला पातेल्यात हात घातला. घरात एसी चालू होता, तरी पीठ कोमट लागलं. आंबताना ते आपणहून तापतं. गॅरेजमधल्या बियरचंही तसंच होत असणार, हे तेव्हा सुचलं.

मी, सरला गुरुनाथ अष्टपुत्रे, वय एकोणसत्तर, राहणार शुगर लँड, टेक्सस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. यापूर्वीचं रद्द समजावं. अंमलबजावणी माझी मुलगी उत्तरा हिने करावी.

१. घर विकून येणारी रक्कम व बँकेतली शिल्लक मुलगा मिहीर आणि उत्तरा यांना निम्मी निम्मी. मिहीरला घर विकायची घाई आहे. माझी हरकत नाही. आधी कलम दोन पुरं करावं.

२. गॅरेजमधला जुना फ्रिज, त्याला जोडलेला डिजिटल टेंपरेचर कंट्रोलर आणि सोल्डरिंगचं सामान उत्तराला. मिहीर म्हणतो, "आई, जस्ट टॉस इट." टाकू नये. माझे पती त्या फ्रिजमध्ये बियर करत. कंट्रोलर सहासष्ट डिग्री फॅरनहाइट दाखवी, पण बियर जास्त तापून तिला पिकल्या केळ्याचा वास येई. सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळत होता. मी म्हटलं, "ताप माणसाला, आणि थर्मामीटर खोलीला?"

ते म्हणाले, "मग डॉक्टरीणबाई, तुम्हीच तपासा."

लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली. सोल्डरिंग त्यांनी शिकवलं. वायर कापून मी लांब केली, सेन्सर बियरच्या भांड्याला चिकटवला, वरून फोम बांधला. केळं गेलं. उत्तराने सेन्सर पुन्हा हवेत लटकवू नये, आणि काम कोणाचं असं विचारल्यास आईचं, असं सांगावं.

३. पतींचे मित्र सुशांतभाऊजी वायर कापताना शेजारीच होते. "वहिनी, वॉरंटी जाईल हं."

"वॉरंटीला चव नसते, भाऊजी."

पुढे चारचौघांत ते त्याला "गुरुनाथचा जुगाड" म्हणत. पती दर वेळी "सरलाचा" म्हणून सुधारत. आता सुधारायला ते नाहीत, म्हणून इथे लिहिते. वॉरंटी कार्ड मी जपून ठेवलं आहे. ते भाऊजींना द्यावं.

४. मागच्या ऑगस्टमध्ये पती गेले, तेव्हा त्यांनी लावलेली शेवटची बियर फ्रिजमध्ये आंबत होती. तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. पाहुणे परतल्यावर भाऊजी म्हणाले, "ओतून टाका, वहिनी. या उन्हात काय टिकणार?" मी गॅरेजमध्ये गेले. दाराच्या कडीचा हाताला चटका बसला. आकडा सहासष्ट होता. चमचाभर चाखली. केळं नव्हतं. त्या बियरच्या उरलेल्या बाटल्या वरच्या फळीवर आहेत. त्या दोन्ही मुलांनी एकत्र बसून प्याव्यात, वाटून नेऊ नयेत.

चाखली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाटल्या गरम पाण्याने धुतल्या आणि बियर भरली.

सही: सरला गुरुनाथ अष्टपुत्रे

आमच्यासमोर सही केली. साक्षीदार:
विनीता सामक, शेजारीण
विवेक सामक, शेजारी

शुगर लँड, १४ एप्रिल २००७