पहिला दात अपोलोनियाबाईचा

७ जानेवारी, दिवेलागणीला
विसरलीस ना? मला ठाऊकच होतं. काल मी तासभर या फोनशी बोलत बसले आणि आज तू म्हणतेस, आई, काहीच आलं नाही, तुला बटण दाबायला सांगायचं राहिलं. देओलिंदा, स्वतःच्या लग्नाला निघताना चुलीवर दूध ठेवून गेलेली मुलगी तू. तुझ्याकडून आणखी काय अपेक्षा करायची!
तर पुन्हा सांगते. ही माझी रोजनिशी. खासगी आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून मी इथे बोलायचं आणि तू तिकडे फ्रान्सात बसून लिहायचं. फक्त लिहायचं. वाचायचं नाही.
कल्पना तुझ्या लेकीची. आपली नोएमिया आता दातांची डॉक्टर, त्यामुळे तिला सगळंच कळतं. म्हणे, आजी, रोज एका तरी गोष्टीचे आभार मान, मन प्रसन्न राहतं. दवाखाना कसा चालवावा याचं कसलंसं शिबिर केलं तिनं, तिथे शिकवलं. मी म्हटलं, मी रोज चर्चमध्ये मानतेच की. तर म्हणाली, तिथे तू मागतेस, मानत नाहीस.
आजचे आभार: तू नाताळला पाठवलेल्या बदामाच्या चिक्कीबद्दल. दगड बरा. पण आठवण ठेवलीस, हेच खूप.

९ जानेवारी
नोएमियाचा दवाखाना जुन्या पोस्टाच्या खोलीत छान थाटला आहे. खुर्ची तर अशी, की बिशपला बसवावं. आपोआप वर जाते, मागे कलते, पाय सरळ करते. पेशंट अजून नाही. पण लोकांची ये-जा भरपूर! दारात येतात, आत डोकावतात, आणि मला विचारतात, काय फेलिस्मिना, तुझा झाला का? मी म्हणते, अजून नाही. ते म्हणतात, बरं बरं, सावकाश होऊ दे. आणि गाल धरून घरी जातात.
शेजारची अदोसिंदा तर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा विचारून जाते. माझ्या तब्येतीची गावाला किती काळजी!
आजचे आभार: चांगल्या शेजाऱ्यांबद्दल.

१२ जानेवारी
तू फोनवर विचारलंस, आई, तुझा काय व्हायचाय? म्हणजे नवसही विसरलीस. ऐक.
नोएमियाला दातांच्या कॉलेजात जागा मिळेना, तेव्हा मी टेकडीवरच्या छोट्या चर्चमध्ये गेले होते. अपोलोनियाबाई म्हणजे दातांची संत. दुष्टांनी बिचारीचे सगळे दात पाडले. मूर्तीच्या हातात चिमटा आहे आणि चिमट्यात दाढ. तिच्यापुढे उभी राहून मी म्हटलं, बाई गं, पोरीला डॉक्टर कर. ती जो पहिला दात काढेल तो माझा असेल, आणि तो मी तुझ्या पायाशी आणून ठेवीन. मोठ्यानं म्हटलं. बाई जुन्या काळातल्या, ऐकू कमी येत असेल. सगळ्या गावानं ऐकलं. बरंच झालं. साक्षीदार असले की संतसुद्धा शब्द पाळतात.
आणि आपल्याकडे संताला कबूल केलेल्या पहिल्या वस्तूला दुसरं कुणी हात लावत नाही, हे तरी आठवतं ना? सेवेरिनो न्हाव्यानं संत अँटनीच्या वाट्याची पहिली चेरी तोंडात टाकली, तर त्याचं गाढव आठवडाभर उलट्या पावलांनी चालत होतं.
नवस मी फेडणारच. मी काय पळून चालले आहे? पण चांगल्या कामाला चांगला मुहूर्त लागतो. सध्या चंद्र वाढता आहे. वाढत्या चंद्रात दात काढला तर हिरडी भरत नाही.
आजचे आभार: चंद्राचे.

१५ जानेवारी
अजून पेशंट नाही. पोर दिवसभर ती खुर्ची पुसते. मी विचारलं, कंटाळा नाही येत? तर म्हणाली, आजी, मला इथेच काम करायचंय. इथे माणसाचं तोंड उघडायच्या आधी त्याचं नाव माहीत असतं. शहरात आधी दाढ दिसते, नाव कागदावर वाचावं लागतं.
ऐकलंस? आणि तू तिच्यासाठी तिकडे जागा बघून ठेवलीस. मला सगळं कळतं. तिकडच्या दवाखान्याला दहा फेब्रुवारीला उत्तर हवंय, हेही कळलं. लिही, लिही, हेसुद्धा लिही.
संकल्प: उद्यापासून पेशंट मी आणणार. दहा तारखेच्या आत दवाखान्याबाहेर रांग लावीन, नाहीतर नावाची फेलिस्मिना नाही.
आजचे आभार: देवानं मला डोकं दिलं. सगळ्यांना देत नाही.

१७ जानेवारी
डोकं चाललं. तुझी चिक्की! रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात उभी राहिले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा दिला. फ्रान्सची आहे म्हटल्यावर कुणी नाही म्हणतंय? तिथेच माझ्यासमोर खायला लावली. कडाकडा आवाज येत होते, जसे जात्यात हरभरे. पोस्टमन तिथेच डोळे मिटून उभा राहिला. अदोसिंदा काहीतरी पुटपुटली ते मी ऐकलं नाही, कारण ते ऐकण्यासारखं नव्हतं.
आता बघ.
आजचे आभार: तुझे. पुढच्या वर्षी पण पाठव.

२० जानेवारी
कृतघ्न गाव! पोस्टमनची दाढ तुटली, अदोसिंदाच्या दातातलं सिमेंट निघालं, आणि बेकरीवाल्याचं तोंड एका बाजूनं पावासारखं फुगलं. आणि सगळे बसमध्ये बसून ब्रागान्साला गेले! ब्रागान्साला! दीड तास वळणावळणांचा रस्ता, दुखऱ्या दातानं! घरात डॉक्टर, समोर खुर्ची, आणि हे शहरात जाऊन परक्याला तोंड दाखवतात. अदोसिंदाला तर तिथे वेळच मिळाली नाही, ती तशीच परत आली. ब्रागान्सात कुणाला हिच्या दातात रस असणार?
नोएमिया मात्र रागावली नाही. नुसती म्हणाली, आजी, तू त्यांना काय खायला दिलंस? मी म्हटलं, प्रेमानं दिलं.
आजचे आभार: बसच्या ड्रायव्हरचे. त्यानं सांगितलं म्हणून कळलं, आपले लोक कसे आहेत.

२३ जानेवारी
अदोसिंदाकडे डुक्कर कापलं. दिवसभर सगळं गाव अंगणात. सॉसेजचं सारण चाखायला मला बोलावतात. मीठ कमी की लसूण जास्त, हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही. आणि चव घ्यायला दात लागतात. म्हणजे या महिन्यात तर नवस फेडणं शक्यच नाही. ही सॉसेज धुरात टांगून वर्षभर खायची आहेत. एका दातापायी वर्षाची चव बिघडवू?
फादर अबिलियो माझ्याजवळ येऊन बसले. हळूच म्हणाले, फेलिस्मिना, गाव तुझ्यासाठी थांबलंय. मी म्हटलं, फादर, जेवायला कशाला थांबायचं, सुरू करा! त्यांनी उठून दोनदा वाढून घेतलं.
आजचे आभार: मान मिळतो त्याबद्दल. पहिला घास माझ्यासाठी अडवून धरतात.

२७ जानेवारी
चंद्र आता उतरता आहे, हे तू सांगायची गरज नव्हती. मला खिडकीतून दिसतो.
एक उपाय सुचला आहे. लोक पाय दुखला की मेणाचा पाय वाहतात, डोकं दुखलं की मेणाचं डोकं. मग मेणाचा दात का नाही? तो सुंदर दिसतो, त्याला कीड नसते, शिवाय रक्त येत नाही. अपोलोनियाबाईंनी आयुष्यात तुटके दातच पाहिले. कधीतरी एक चांगला पाहतील.
मेणबत्तीवाल्याकडे गेले. दात संपले होते. पाय होते, हात होते, एक बाळ होतं आणि एक कान. मी कान घेतला. कान आणि दाढ शेजारीच असतात. दाढ दुखली की कानातूनच कळ निघते, हे नोएमियानंच सांगितलं आहे.

२८ जानेवारी
फादर म्हणाले, कान चालणार नाही. मी म्हटलं, तुम्ही विचारलंत का त्यांना? ते म्हणाले, त्यांच्या हातातल्या चिमट्यात काय आहे ते बघ आणि तूच सांग.
कान मी घरी आणला. स्वयंपाकघरात शोभून दिसतो.
आजचे आभार: सुचत नाही. उद्या दोन मानीन.

२ फेब्रुवारी
चिक्कीचा शेवटचा तुकडा डब्यात तसाच पडला होता. अन्न टाकून देणं पाप. खाल्ला. तोंडात काहीतरी कडक तुटलं. चिक्कीच असणार.

४ फेब्रुवारी
दुखत नाही. डाव्या बाजूनं खाते. डाव्या बाजूला दात नाहीत, त्यामुळे जरा वेळ लागतो एवढंच.
नोएमियानं विचारलं, आजी, तू बोलत का नाहीस? मी हातानंच सांगितलं, आज मौन आहे. ती म्हणाली, तुझं? मौन?
पोरीला आजीबद्दल काही आदरच नाही.

६ फेब्रुवारी, दुपार
आज दवाखान्यात सूप घेऊन गेले. दार उघडं होतं. नोएमिया स्वतःच त्या खुर्चीत पडली होती, वरचा दिवा लावलेला, आणि छताकडे बघत फोनवर तुझ्याशी बोलत होती. म्हणत होती, हो आई, खोली लहान असली तरी चालेल. नाही, खुर्ची विकून टाकीन.
मी सूप बाहेरच ठेवलं.
रस्त्यात अदोसिंदा भेटली. तोंड भोपळ्याएवढं. मी म्हटलं, बघ, तुझ्यासारख्यांमुळे माझी पोर परदेशी चालली! दोन पावलांवर डॉक्टर, आणि तुला ब्रागान्सा लागतं! तर तिनं कमरेवर हात ठेवले. म्हणाली, अगं बये, तुझ्या त्या एका दाढेपायी अख्खं गाव गाल धरून बसलंय! अपोलोनियाबाईचा पहिला दात तू देत नाहीस, मग आम्ही कसा देणार? माझ्याकडे गाढव आहे, डुक्कर आहे, सून बाळंतपणाला आली आहे. मी संताचा मान मोडू? तू बस त्या खुर्चीत, म्हणजे आम्ही सुटलो!
मी म्हटलं, हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?
ती म्हणाली, रोज दोनदा विचारलं!
तेव्हा कुठे कळलं, ते माझ्या तब्येतीची चौकशी करत नव्हते.
आजचे आभार: नकोत.

८ फेब्रुवारी
उद्या अपोलोनियाबाईंचा सण. हाच दिवस मी पहिल्यापासून मनात धरला होता, तुला सांगितलं नाही एवढंच. मला भीती वाटत नाही. भीती तुझ्या बापाला वाटायची. सेवेरिनो न्हाव्यानं दात उपटायला पक्कड काढली की हा पेरूच्या झाडावर. नाही, पेअरच्या. पेरू आपल्याकडे कुठे! बघ, दुखण्यानं फळंसुद्धा चुकतात. म्हणजे दुखत नाही, पण दुखलं असतं तर.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
झालं.
सविस्तर सांगते, म्हणजे गावात वेगळं काही ऐकलंस तर खरं काय ते तुझ्याकडे लिहिलेलं असेल. मी ताठ मानेनं चालत गेले. रडले नाही. किंचाळले नाही. खुर्ची मागे कलली तेव्हा ओरडले ती ट्रॅक्टरवाल्याला, तो फार जोरात हॉर्न वाजवत होता. नोएमियाचा हात मी धरला नव्हता, तिला आधार वाटावा म्हणून दिला होता.
तिनं आत बघितलं आणि म्हणाली, आजी, ही दाढ वाचेल. वर टोपी बसवते, दहा वर्षं जाईल. मी म्हटलं, गप्प बस आणि उपट. ती म्हणाली, अगं पण चांगली आहे, नुसता कोपरा उडालाय. मी म्हटलं, नवस कोपऱ्याचा नव्हता. तिनं वरचा दिवा जवळ ओढला. मग सुई.
खरं सांगते, काही कळलं नाही. हलकासा हात पोरीचा. मी म्हटलं, आता काढ. ती म्हणाली, काढली.
मग टेकडीवर गेलो. सगळं गाव मागे. दाढ पायाशी ठेवली. अदोसिंदानं मला मिठी मारली आणि चुकून सुजलेला गालच माझ्या खांद्यावर टेकवला. तिची किंकाळी तिकडे फ्रान्सात ऐकू आली असेल.
उतरताना मी नोएमियाला म्हटलं, बघ बाळे, तुझ्या हातचा पहिला दात आजीचा. तर ही पोर थांबली. म्हणाली, पहिला? अगं आजी, कॉलेजात तिसऱ्या वर्षापासून दात काढतेय मी. शेकड्यांनी काढले असतील. पहिला पोर्तोच्या एका ट्राम ड्रायव्हरचा होता. भला माणूस, निघताना मला संत्रं देऊन गेला.
मला दातखिळी बसली. उरल्यासुरल्या दातांची.
मला वाटायचं, कॉलेजात प्लास्टरचे दात असतात. सुट्टीत घरी आणायची ना ती, जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवायची!

११ फेब्रुवारी, सकाळी
रांग लागली. पोस्टाच्या पायरीपासून विहिरीपर्यंत. पुढे अदोसिंदा, मागे बेकरीवाला. त्याला ब्रागान्साच्या डॉक्टरनं सांगितलं म्हणे, तुमच्या गावातच चांगली डॉक्टर आहे, इथे कशाला आलात! सगळे एकमेकांशी भांडताहेत. काय सुंदर दृश्य! काल नोएमियानं तुझ्या दवाखान्याला नाही म्हणून कळवलं, ते तुला माहीतच आहे. रडू नकोस. उन्हाळ्यात ये, तुझ्या दातांकडेही बघेल.
ट्रामवाल्याची गोष्ट गावात सांगायची नाही. फादरनाही नाही. नोएमियाला बजावलंय. लोकांना कळलं की ते महिनाभर उगाच गाल धरून बसले, तर ती सगळी रांग माझ्या दारात येईल.
आजचे आभार: पोर्तोच्या त्या ट्रामवाल्याचे. पहिला दात त्याचा गेला, आणि तो कुठे बोलला नाही. देव त्याचे बाकीचे दात सांभाळो.
आता शेवटचं. नोएमिया म्हणते, तिनं तो पहिला दात काढला त्याच संध्याकाळी तुला फोन केला होता. आईनं सांगितलं नाही का तुला, म्हणते. नाही सांगितलं! तू विसरलीस! एवढं एक वाक्य तुला आठवलं असतं, तर माझी दाढ आज माझ्या तोंडात असती.
तेव्हा दंड. या आठवड्यातच पाठव: सफरचंदाचा तो गोड गर, बाटलीतला, मोठ्या बाटल्या. मऊ केक, ज्याला कडा नसतात तो. चमच्यानं खायचं चीज. चिक्की पाठवलीस तर परत पाठवीन. आणि हे लिहून झाल्यावर एकदा वाच, नाहीतर विसरशील.