फायनलच्या आदल्या दिवशीचं भरीत

४ नोव्हेंबर, भुसावळ
आजपासून मी सहायक. एकोणीस वर्षं या फुटबॉल टीमचा कोच होतो, चहा संपायच्या आत सहायक झालो. क्लबचे अध्यक्ष भाऊ, सावद्याचे, केळी परदेशी पाठवतात. तिकडून येताना कोच घेऊन आले. टॉर्बेन. डेन्मार्कचा. ताडमाड. हात असा दाबला की अजून ठणकतोय.

७ नोव्हें.
टॉ.ची कुंडली मोबाइलवर काढली. देशाकडून खेळलाय. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला, मग कोचगिरी. चार क्लब, चारही ठिकाणांहून हाकललेला. वाचून बरं वाटलं. दोनदा वाचलं.

२३ नोव्हें.
पोरांना तासभर चेंडूच देत नाही. नुसतं कुठे उभं राहायचं ते शिकवतो. बिनकामाचा माणूस! पोरं ऐकतातही, ते जास्त झोंबतं. जिल्हा स्पर्धेची सेमीफायनल जिंकलो. श्रेय कुणाला, ते लिहिणार नाही.

११ डिसें.
रविवारी फायनल, जळगावला. आदल्या दुपारी असोद्याला माझ्या मळ्यात सगळ्या टीमला भरीत, ही आमची पद्धत. टॉ. म्हणे, नाही. भात आणि केळी. केळी! आम्हाला!
गोलकीपर भूषण हळूच: "नाना, भरीत नही त फायनल कशी? सायबाले सांगतं कोन?"

१३ डिसें., शनि.
केलं. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, मिरच्या हात सैल सोडून. वर कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. भूषणने किती खाल्ल्या, देव जाणे. टॉ.ला पत्ता नाही. फार दिवसांनी पोरं माझी वाटली.

१४ डिसें.
०–४. पोरांचे पाय उचलत नव्हते. भूषण मध्यंतराआधीच पोट धरून पळाला, परत आला तो पांढराफटक. टॉ. सबंध वेळ रेषेपाशी उभा. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

१६ डिसें.
कमिटी. भाऊ भडकलेले. टॉ. म्हणाला, "चूक माझी. सराव जास्त झाला." बस्स. भाऊ मला बाजूला घेऊन: "नाना, त्याच्या सरावानेच हरलो, तेवढं लिहून सही कर. टीम परत तुझी."
कागद खिशात आहे. हेच तर हवं होतं मला.

१७ डिसें.
मैदानावर टॉ. एकटाच, गोलच्या खांबांची जाळी सोडवत होता. मोडक्या हिंदीत म्हणाला, "बसमध्ये सगळ्यांच्या जॅकेटला धुराचा वास होता. तुझ्याही."
मी म्हटलं, मग कमिटीत का बोलला नाहीस?
"मला काढतात, सवय आहे. तुला काढलं तर तू कुठे जाशील?"
मग जाळीची घडी घालत, "मला का नाही बोलावलं?"
मेल्याने ओरडायला हवं होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर तिथेच त्याच्यासमोर सही ठोकली असती. दयेचा राग येतो मला. त्याच्या त्या उंचीचाही येतो.

१८ डिसें.
भूषणचा फोन. "नाना, सही केली का हो?" म्हटलं, तुझं पोट सांभाळ. ठेवला.
उद्या दहाला भाऊंकडे जायचं. कागद अजून कोरा.
मळ्यातल्या गड्याला वांगी तोडून ठेवायला सांगितली. किती, विचारत होता. म्हटलं, दोघांपुरती. कुणासाठी ते विचारू नको.