दोन मालकांचं विमान

१० ऑगस्ट, शनिवार

संताप! नुसता संताप! जुनिपर दरी पेटलीय, धूर इथून धावपट्टीवरून दिसतोय, आणि आमची दोन्ही विमानं पोटात आग विझवायचं लाल औषध भरून उन्हात उभी! मग त्या टाक्या बसवल्या कशाला?

ऑरिनला विचारलं. एरवी ऑरिन गावातला दातांचा डॉक्टर, मार्चमध्ये माझी दाढ त्यानंच उपटली. पण महिन्यातून एक शनिवार-रविवार आम्ही सगळे राज्याच्या राखीव हवाई दलाचा गणवेश चढवतो. मग तो कर्नलसाहेब, आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारी मी, मर्ना, त्याच्या विमानाची मुख्य मेकॅनिक. म्हणाला, "राज्यातली आग, म्हणजे गव्हर्नरचा हुकूम हवा. तो आलेला नाही." आणि गव्हर्नर म्हणे आग विझवणारी खासगी विमानं कमी पडल्याशिवाय हुकूम काढणार नाहीत. वा रे वा!

११ ऑगस्ट, रविवार

आईला फोन. ती दरीच्या खालच्या टोकाला राहते, आग तिच्या घरापासून दोनच टेकड्या पलीकडे. म्हटलं, निघ तिथून.

"कोंबड्यांकडे कोण बघेल? जर्दाळू पण उतरवायचेत. तुमचं विमान येणार आहे ना?"

"येणार."

"मग झालं तर! तूच सांभाळतेस ना ते, मला कसली काळजी?"



१२ ऑगस्ट, सोमवार

ट्रॅक्टरच्या दुकानात कामाला गेले नाही, इथंच थांबले. मालक कुरकुरला. कुरकुरू दे.

वॉशिंग्टनचा हुकूम मात्र टुणकन आला! एक विमान कॅलिफोर्नियाला. आमची आग सोडून लोकांची विझवायला! गेलंसुद्धा, आमच्या डोळ्यांदेखत, आणि दोन्हींतलं नवं तेच. एरवी आम्ही गव्हर्नरचे, वॉशिंग्टननं बोलावलं की राष्ट्राध्यक्षांचे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं पाहुणा बाहेर जेवतोय आणि घर उपाशी!

ऑरिनवर ओरडले. सगळ्यांसमोर. "खुर्ची उबवायला कर्नल झालास का?"

"मर्ना, गणवेशात आहेस."

"मग उतरवते!"

उतरवला नाही. उरलेलं विमान कोण बघणार?

आईचाच फोन आला. "कोण अडवतंय गं तुम्हाला?"

"आहेत एकेक गाढवं."

"नावं सांग. मी बघते त्यांच्याकडे." हसत होती. मागे कोंबड्यांचा गलका.

१३ ऑगस्ट, मंगळवार

हुकूम आला! सकाळीच, गव्हर्नरच्या सहीनं! ऑरिन दवाखाना टाकून धावत आला, स्वतः उडवणार म्हणाला. माणसं आत चढली.

मी नेहमीसारखी विमानाभोवती फेरी मारली. डावीकडच्या बाहेरच्या पंख्याच्या पात्यावर हात फिरवला — नख अडकलं. पुसून पुन्हा फिरवला. चीर. केसाएवढी, पण चीरच! काल नव्हती, देवाशपथ नव्हती.

ट्रॅक्टर असता तर म्हटलं असतं, चालव, संध्याकाळी बघू. पण हे पातं वर तुटलं तर पंख फाडून जाईल, आणि आत सहा जणं.

ऑरिन खाली उतरला. त्यानंही नख फिरवलं. माझ्याकडे बघितलं. ठरवायचा हक्क त्याला नव्हता, मला होता. मेकॅनिकनं विमानाच्या कागदावर लाल फुली मारली, की दुरुस्त होईपर्यंत ते जागचं हलत नाही. मग कर्नल सांगो, गव्हर्नर सांगो, नाहीतर वॉशिंग्टन.

मारली.

तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. खांद्यावर हात ठेवला आणि नवीन पात्यासाठी फोन करायला गेला, मेला!

१५ ऑगस्ट, गुरुवार

नवं पातं यायच्या आधीच दरी गेली. घर, जर्दाळू, कोंबड्या, सगळं. शेजाऱ्यानं आईला ओढून गाडीत घातलं म्हणून वाचली. शाळेच्या व्यायामशाळेत खाटेवर बसलीय, दोन्ही हातांना पट्ट्या. मला बघून पहिलं हेच —

"त्या गाढवाचं नाव सांग."

माझंच सांगितलं.