प्रेताच्या पोटरीतला पेटका

३ जून, सोमवार
रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल दोनशे शहाऐंशी. आमच्या मीटर दुरुस्ती विभागात इतका वर कुणाचाच आकडा गेलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी रोज रात्री एक गोळी लिहून दिली. स्नायू दुखले, पेटके आले तर लगेच सांगा, म्हणाल्या. मी म्हटलं, वीस वर्षं पाण्याचे मीटर खोलतोय, स्नायू लोखंडी आहेत. त्यांनी हे लिहून घेतलं नाही.
संकल्प : तळलेलं बंद. उद्यापासून, कारण आजचं खाऊन झालंय.

६ जून, गुरुवार
ऑफिसच्या नाटकात काम मिळालं! अकरा वर्षं पडदा ओढला, कधी तोंडातून शब्द काढला नाही. शेवटी कलेची कदर झाली. नाटक खुनाचं, ऑफिसांच्या नाट्यस्पर्धेसाठी. दिग्दर्शक आमचे हेडक्लार्क. मी कारखान्याचा मालक, म्हणजे ज्याचा खून झालाय तो. पडदा उघडतो तेव्हा सोफ्यावर मी मेलेलो. पहिला अंक चाळीस मिनिटांचा आणि सगळे माझ्याबद्दलच बोलतात. स्टोअरकीपर इन्स्पेक्टर झालाय. त्याला साठ वाक्यं आहेत म्हणून तोऱ्यात असतो. साठही वाक्यं माझ्यावर आहेत, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे रविवारी घरी करता तेच ना.

९ जून, रविवार
घरी सराव. दिवाणखान्यात फरशीवर. वीस मिनिटं उत्तम मेलो. एकविसाव्या मिनिटाला उजव्या पोटरीत असा पेटका आला की ब्रह्मांड आठवलं. बायको कणकेच्या हातानं धावत आली आणि पायाचा अंगठा धरून वर ओढला.
निदान : फरशी गार होती.

१२ जून, बुधवार
तालमीत पुन्हा पेटका. तोंडातून आवाज काढला नाही, फक्त चेहऱ्यावर वेदना उमटली. आतून आलेली. दिग्दर्शक म्हणाले, प्रेताला वेदना नको. मी म्हटलं, साहेब, खून झालाय, समाधान तरी कसं दाखवू? ते म्हणाले, काहीच दाखवू नका, अंगावर चादर असणार आहे.
चादरीतूनही अभिनय पोचतो. पोचवणारा पाहिजे.

१४ जून, शुक्रवार
औषधांच्या दुकानात लंगडत गेलो. दुकानदारानं कारण विचारलं. गोळीचं नाव बघून म्हणाला, काही जणांना हिनं असं होतं, आजच डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका.
सांगणं सोपं असतं. पण डॉक्टरीणबाई दिग्दर्शकांच्या सख्ख्या धाकट्या बहीण, एकाच घरात राहतात. त्यांना सांगितलं की रात्री जेवताना दिग्दर्शकांच्या कानावर जाणारच, आणि भूमिका गेलीच. स्टोअरकीपर हल्ली चहाच्या वेळी माझ्या सोफ्यावर आडवा होऊन बघतो. स्प्रिंग तपासतोय म्हणाला.
अकरा वर्षं दोरी ओढून हाताला घट्टे पडलेत. ही संधी सोडणार नाही.

१७ जून, सोमवार
शास्त्रीय प्रयोग सुरू. तीन दिवस गोळी बंद. कुणाला सांगितलेलं नाही.

२० जून, गुरुवार
गोळी बंद असूनही आज दुरुस्तीच्या टेबलाशी बसल्या बसल्या पेटका आला. पकडीत धरलेला मीटर सुटला, झाकण थेट स्टोअरकीपरच्या चहात. निष्कर्ष : गोळी निर्दोष. दुकानदार अर्धवट ज्ञानाचा. पुन्हा सुरू केली. राहिलेल्या भरून काढायच्या म्हणून आज दोन. आपण काम मागे ठेवत नाही.

२२ जून, शनिवार
आता दोन्ही पोटऱ्या. डावी मांडीसुद्धा. जिना उलटा उतरलो, तसं जरा बरं पडतं. बायकोनं पाहिलं. चाल भूमिकेसाठी बसवतोय, म्हटलं. ती म्हणाली, मेलेला माणूस चालतो कुठे? मग सगळं सांगावं लागलं. दोन गोळ्यांचंही. चिडली. आत्ताच्या आत्ता फोन करते म्हणाली. मी हात धरला. उद्या प्रयोग आहे, एवढा एक होऊ दे, म्हटलं. मग दोन्ही पाय मांडीवर घेऊन चोळत बसली. आज गोळी घ्यायची नाही आणि परवा सकाळी दवाखाना, असं बजावलं. मला फार भरून आलं. ते मात्र बोललो नाही.

२३ जून, रविवार, सकाळी ८
आज पहिल्या फेरीचा प्रयोग. मन शांत. मृत्यूची पूर्ण तयारी.

२४ जून, सोमवार
काल जे झालं ते नीट नोंदवून ठेवतो, कारण ऑफिसात भलतंच सांगतायत.
पहिली बावीस मिनिटं मी अप्रतिम मेलो होतो. मग विधवा झालेली टायपिस्ट माझ्या पायांवर डोकं टेकून रडायला लागली, आणि उजव्या पोटरीत कळ उठली. पाय चादरीसकट आपोआप वर गेला. नेमका त्याच वेळी इन्स्पेक्टर म्हणाला, "यांना मरून किमान सहा तास झालेत." लोक हसले. मी प्रसंगावधान राखून हळूच म्हटलं, अंगठा ओढा. पण माझा आवाज मुळातच रंगभूमीचा. शेवटच्या रांगेपर्यंत गेला.
पहिल्या रांगेतून डॉक्टरीणबाई उठून थेट स्टेजवर आल्या. लोकांना वाटलं, पात्रच आहे. त्यांनी चादर काढली, पाय धरला, कधीपासून होतंय ते विचारलं. प्रेतानं दोन आठवडे म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या. "पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?" असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी विंगेत पाहिलं. तिथे दिग्दर्शक उभे होते.
टाळ्या मात्र मलाच होत्या.

२७ जून, गुरुवार
रक्त तपासलं. स्नायूंना थोडा त्रास झालाय, भरून येईल. ती गोळी बंद, काही दिवसांनी दुसरी, कमी ताकदीची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर सांगितलं असतं तर चार दिवसांत गोळी बदलून मोकळे झाला असता. नाटकाचंही काही अडलं नसतं. दोन गोळ्यांचं ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

१ जुलै, सोमवार
नाटक अंतिम फेरीत! पायही बरा. दिग्दर्शकांना जिना दोनदा चढून-उतरून दाखवला, सरळ. ते म्हणाले, छान, पडदा ओढायला पाय मजबूतच लागतात. प्रेताची त्यांनी वेगळी व्यवस्था केलीय म्हणे. स्टोअरकीपर असणार.

१४ जुलै, रविवार
स्टोअरकीपर नव्हता. सोफ्यावर गादीची गुंडाळी होती, वर चादर, आणि टोकाला माझेच बूट. चाळीस मिनिटं तसूभर हलली नाही. मी विंगेत दोरी धरून उभा होतो आणि खोट काढायला बघत होतो. सापडली नाही. पहिलं बक्षीस मिळालं.
घरी येताना बायको पदरानं नाक पुसत होती. डोळे लाल. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, त्या मालकाबद्दल आज पहिल्यांदाच वाईट वाटलं.