पेटीतली पावसाळ्याची वही

सुपे, ता. ३ मार्च १९९८

सौ. भागिरथीस रंभाजीचा जय भीम.

तुझा गुडघा कसा आहे? आईचा खोकला थांबला का? आपल्या प्रज्ञाचे डोळे बरे झाले? तांबडी शेळी व्याली का? मी ठणठणीत आहे.

इथे डोंगरावर पवनचक्क्या येणार. त्यांची वीज आमच्या सबस्टेशनची लाइन पेलेल का, हे बघायला तुषार नावाचा तरणा साहेब आलाय. गेल्या दोन महिन्यांचे आकडे कॉम्प्युटरात घातले आणि म्हणाला, "पेलेल." सगळे त्याच्याच मागेपुढे. मोठे साहेब मला म्हणतात, "रंभाजी, यांना चहा सांगा." सतरा वर्षं या लाइनचा तासातासाचा भार मी लिहिला, आणि मी चहा सांगायचा!

त्यानं विचारलं होतं, "मामा, पावसाळ्यातले आकडे कुठं मिळतील? इथली लॉगशीटं वाळवीनं खाल्लीत." मी म्हणालो, "न्हाई बुवा, कुठंच न्हाई."

खोटं बोललो. आषाढात वारा सुटतो, तेव्हाच पावसामुळं विहिरींवरच्या मोटारी बंद असतात. मग इथं न खपलेली सगळी वीज उलटी नगरकडे धावणार, आणि आमची तार तेवढी जाड नाही. हे सगळं मी माझ्या वहीतही उतरवून ठेवलंय, आणि ती वही घरी पेटीत आहे. वीस तारखेला त्याच्या अहवालावर सही होणार. तार जळाली तर त्या लेकराची नोकरी जाईल, आणि मला घास गिळवणार नाही.

वही जामखेड-पुणे गाडीच्या कंडक्टरकडे दे. पण आधी प्रज्ञाकडून पहिल्या पानावर माझं नाव ठळक लिहून घे. मोठ्या साहेबांना लांबून दिसलं पाहिजे.

सोबत गुडघ्याची हकिकत लिही, आणि उशीर लावू नकोस.

तुझा,
रंभाजी