निंदा सोडल्याचा नेम

६ जुलै, आषाढी एकादशी. दुपार.
चातुर्मासाचा नेम धरला. बाकीच्या बाया कुणी भाजी सोडतात, कुणी गोड. मी निंदा सोडली. खर्च काहीच नाही, पुण्य मोठं. नेम मोडला तर त्या दिवशी दुपारचा चहा बंद.
बोथ गावातल्या आमच्या देवळात श्रावणात पोथी कोण वाचणार, ते वीस तारखेला ठरणार. मला वाचायची आहे, लपवायचं काय! मॅट्रिक आहे, आवाज खणखणीत. आडवी येणारी एकच, द्वारकाबाई. अर्धे शब्द गिळते. ही निंदा नव्हे, माहिती आहे. चहा घेतला.

१० जुलै
देवळात वाती वळायला गेले. सहज म्हटलं, चारी बाजूंनी कापूस पिकतो आणि काही जणी देवाला रेडिमेड वाती आणतात. शेजारी बसलेल्या पूनमनं विचारलं, कोन ओ काकू? म्हटलं, नाव घेणार नाही, माझा नेम आहे. तहसील ऑफिसच्या मागं, हिरव्या गेटचं घर.
घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, नाव नाई घेतलं, पन पत्ता देऊन राह्यली तू. ह्यांना माझं चांगलं कधी दिसतच नाही. नवऱ्याबद्दल लिहिलेलं निंदेत धरत नाहीत.

१४ जुलै
सूनबाईनं, देवश्रीनं, मला चहा पिताना पकडलं. म्हणाली, आत्याबाई, सकाळी फोनवर अर्धा तास द्वारकाकाकूच चालू होत्या ना, मग आज चहा काऊन? सांगितलं, ही सकाळचीच पत्ती परत उकळली, याला चहा म्हणत नाहीत. पोरगी गुणी आहे, पण दुसऱ्याच्या चुका शोधायची खोड वाईट. तासभर समजावलं.

२० जुलै
बैठक झाली. द्वारकाबाईनंच माझं नाव सुचवलं. वाटलं, जमलं! मग सगळ्यांत वडील कौशल्याबाई म्हणाल्या, वाचणारीचा नेम कडक पाह्यजे, तुमचा काय हाय? ताठ बसून सांगितलं, निंदा सोडली.
पूनम खुदकन हसली. मग पदर तोंडाला लावून सगळ्याच. कौशल्याबाई म्हणाल्या, बाई, तुमी आपलं वांगं सोडाचं होतं, झेपलं असतं.
पोथी द्वारकाबाईकडे गेली. वर मला म्हणते, ताई, माझ्याजवळच बसा, चुकलं तर सांगा, तुमाला चुका लवकर दिसतात. भोळेपणानं बोलली की मुद्दाम, कळलं नाही.

२५ जुलै, श्रावण सुरू
पोथी सुरू झाली. तिच्याजवळ बसले. चष्मा पुसून, ओळीवर बोट ठेवून, कान टवकारून. बाई एकदाच अडखळली. लगेच धरलं!
घरी आल्यावर देवश्रीनं विचारलं, आज कथा कोणती झाली, आत्याबाई?
कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत अडखळली ते सांगितलं.
कथा काही आठवेना.