गठ्ठा न उघडता फेकायचा

४ फेब्रुवारी २०२५
ट्रकमधली जीपीएसची डबी दर दहा सेकंदांनी ‘मी इथे’ म्हणते. दिवसाला ८,६४० वेळा. आपल्या स्क्रीनवर १,९०० ट्रक — रोजच्या एक कोटी चौसष्ट लाख नोंदी! ‘सगळं दिसतं’ म्हणून मिरवतो, त्याची खरी किंमत ही. डिस्क ७१ टक्के भरली. शंभर झाली की स्क्रीन काळी, आणि कळंबोलीचे सगळे ट्रान्सपोर्टवाले माझ्या दारात.

क्षिप्रा — सव्वीस वर्षांची, डेटाबेस एकटी सांभाळते — तिने आज मांडणीच बदलली. आधी मशीन नव्या-जुन्या फायली एकत्र दळत बसायचं. आता एका दिवसाचा एक गठ्ठा. नव्वद दिवस झाले की न उघडता अख्खा फेकायचा. माल भरण्या-उतरवण्यात आयुष्य गेलं माझं, पण हे सुचलं नसतं.

६ मे
पहिला गठ्ठा आज जायचा. गेला नाही. डिस्क ९४.

८ मे
तीन गठ्ठे अडलेले. क्षिप्रा दोन दिवस फायली वाचतेय, समोर चहा गार. शेवटी म्हणाली, “काका, नंतरच्या गठ्ठ्यांत आधीच्या तारखांच्या नोंदी घुसल्यात. मशीनला वाटतं, जुन्याचं काही बाकी आहे. म्हणून सोडत नाही.”
पण घुसल्या कशा?

११ मे
डिस्क ९५. नवे ट्रक जोडणं बंद केलं.
यार्डातल्या टपरीवर चहा घेत होतो. मागे दुसऱ्या एका शेठचा पोपट ड्रायव्हर बायकोशी फोनवर — “सिम काडून ठेवलंय गं. शेठला काय दिसतंय? चार दिस घरीच हाय.”
अरे वेड्या! डबीतलं सिम काढलं तरी ती सगळं लिहून ठेवते. परत घातलं की चार दिवसांचं एकदम ओकते!
तसाच ऑफिसला आलो. क्षिप्राला सिमचं सांगितलं, वर म्हटलं, क्लीनरपासून वर आलोय, ड्रायव्हरचा डाव एका वाक्यात ओळखतो. माझ्या स्वतःच्या चार गाड्यांवर असलं चालत नाही, धाकच तसा आहे.
“कान तुमचे काका, पुढचं माझ्याकडे,” एवढंच म्हणाली.

१४ मे
उशिरा येणाऱ्या नोंदींना तिने डेटाबेसमध्ये वेगळं टेबल, म्हणजे वेगळा कप्पा दिला. अडकलेल्या फायली एकेक करून निवडल्या. दुपारी नऊ गठ्ठे एका दमात गेले! डिस्क ९३, उतरतेय. पोरीने एकदाही आवाज चढवला नाही, कुणाला बोल लावला नाही. असं माणूस मी धंद्यात दुसरं पाहिलं नाही.

१५ मे
वेगळ्या टेबलाची यादी आली. उशिरा नोंदी पाठवणारे ट्रक सदतीस. पहिले चार माझे.